आजोळ किती सेकंदांवर

पनवेलमध्ये आमच्या शाळेखालची जमीन रोज दुपारी हलायची आणि कुणी मान वर करूनसुद्धा बघायचं नाही. गव्हाणच्या वाटेवर दगडाच्या खाणी होत्या. जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास तिथं भोंगा वाजायचा आणि मग सुरुंग उडायचा. खिडक्यांची तावदानं थरथरायची, फळ्याखालच्या कडेवरून खडू घरंगळून खाली पडायचा, आणि वर्गातलं एखादं पोर न सांगता उठून तो जागेवर ठेवायचं. लग्न होऊन मी पुण्याहून इथं आले आणि शाळेत शिकवायला लागले, तेव्हा पहिल्या दिवशी मी दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं होतं. नववीच्या पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. पुढं मीही त्या सुरुंगावर घड्याळ लावायला लागले.

मी विज्ञान आणि भूगोल दोन्ही शिकवायची. स्वभाव तापट. घोकलेलं उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरायचं, आणि भूकंपाच्या धड्याइतकी घोकंपट्टी दुसऱ्या कुठल्याच धड्यात होत नसे. भूकंपनाभी म्हणजे काय, असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात वाजायला लागायचा. मग मी विचारायची, "बरं, आत्ता तुमच्या पायाखाली काय आहे?" त्याला ठरलेलं उत्तर यायचं, "फरशी, बाई!" मी भडकायची. पण उत्तर बरोबर असल्यामुळे शिक्षा करता यायची नाही.

खरं तर पनवेलमध्ये राहून हा धडा नुसता पुस्तकातून शिकवणं हाच वेडेपणा होता. घाटावर लाव्ह्याचे थर आडवे पडलेले आहेत, घडी करून एकावर एक ठेवलेल्या चादरींसारखे. पनवेलच्या आसपास आले की तेच थर समुद्राच्या बाजूला कलतात. कधीकाळी इथं जमीनच वाकली. एका वर्षी मी हट्टाने नववीचा वर्ग एका बंद पडलेल्या खाणीत नेला. समोर उभा कापलेला काळा कडा होता. पोरांना म्हटलं, प्रत्येकाने आपली लाकडी पट्टी डोळ्यांसमोर आडवी धरा आणि तिच्यावरून दगडाकडे बघा. सगळ्या पट्ट्या हवेत आल्या. पट्टी आणि दगडातली रेघ यांच्यामधली फट समुद्राकडे रुंदावत गेलेली प्रत्येकाला दिसली.

"बाई, हे कुणी वाकवलं?" मागून कुणीतरी हळूच विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं खरं. हे मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, त्यावर मार्कही मिळवलेले होते. पण डोंगर वाकवणाऱ्या गोष्टीसमोर पोळीभाजीचा डबा घेऊन उभं राहण्याची ही माझी पहिलीच वेळ. काय सांगितलं ते आता आठवत नाही. तिथंच बसून आम्ही डबे खाल्ले, एवढं आठवतं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला. आम्हा पनवेलकरांपैकी बहुतेकांना झोपेत काही कळलंही नाही. सकाळी रेडिओने सांगितलं, मग वर्तमानपत्रांतून ते फोटो यायला लागले. शाळेने कपडे, भांडी, धान्य गोळा करून पाठवलं. अफवांना तर ऊतच आला. आज रात्री होणार, अमावस्येला होणार, मुंबई बुडणार. माणसं सतरंज्या घेऊन मैदानात झोपायला जायची आणि सकाळी डासांनी फोडून काढलेली परत यायची.

माझ्या नववीच्या वर्गातली एक मुलगी तेव्हा शाळेत येत नव्हती. वडील सरकारी नोकरीत, लातूरकडून बदली होऊन आलेले. नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर त्यांचा ब्लॉक होता. आईचं माहेर किल्लारीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या रात्री त्या घरातले आजी, आजोबा आणि मावशी गेली. शेतावर झोपायला गेलेला मामा तेवढा वाचला. हे सगळं मला स्टाफरूममध्ये कळलं होतं. त्यामुळे ती परत आली त्या दिवशी मी भूकंपाचं नावही काढायचं नाही असं ठरवून वर्गात गेले.

तिनेच हात वर केला. "बाई, परत कधी होणार, ते कुठल्या पुस्तकात असतं?"

"कुठल्याच नाही," मी म्हटलं. "भूकंप कधी होणार ते जगात कुणालाच आधी सांगता येत नाही. जो सांगतो म्हणतो, तो थापा मारतो."

"मग हे शिकून उपयोग काय?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी बाकावर उभं केलं असतं. तिला म्हटलं, सुट्टीत भेट. सुट्टीत ती आली आणि रडत रडत तिने सगळं सांगितलं. आई माहेरचे दिवस उरकून परत आली, पण घरात यायला तयार नाही. बिल्डिंगच्या आवारात, पाण्याच्या टाकीशेजारी बाबांनी ताडपत्री बांधून दिली आहे. आई तिथंच राहते, तिथंच स्टोव्ह पेटवते, तिथंच झोपते. सोसायटीचे लोक आधी हळहळले, आता कुरकुरायला लागले आहेत. आणि असंच चाललं तर बाबा त्या दोघींना सोलापूरला, बाबांच्या वडिलांकडे, पाठवून देणार आहेत. "माझी शाळा सुटेल, बाई. आणि बाबा इथं एकटेच."

त्या संध्याकाळी मी गेले. ताडपत्रीखाली सगळं झाडून लख्ख केलेलं होतं. तिची आई माझ्याहून लहानच असेल. मला पाट दिला, चहा ठेवला. मी समजूत घालायला सुरुवात केली. इमारत सिमेंटची आहे, दगडमातीची नाही, वगैरे वगैरे. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला कळतंय की, बाई. पण पायच वर चढंना झालेत." मग चहा गाळत म्हणाली, "आन् घर पडायचं भ्याव नाही मला. हितं दुपारी हललं ना, की वाटतंय तिथं परत झालं. एकच भाऊ राहिलाय."

रोज सुरुंग उडाला की ती चपला अडकवून नाक्यावरच्या एसटीडी बूथवर धावत सुटायची. भावाच्या गावात फोन धड उरला नव्हता. शेजारच्या गावातल्या एका दुकानात तो लागायचा, लागला तर. बूथवाल्याला तो नंबर पाठ झाला होता. तिला बघितलं की तो न विचारता फिरवायला लागायचा.

सुरुंगाला भूकंप समजायचं आणि भूकंपाला सुरुंग, ही चूक पनवेलमध्येच होऊ शकते. घरी जाताना रिक्षात माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. भूकंप कधी होणार ते सांगता येत नसेल, पण झालेला हादरा कुठला होता, हे तर सांगता येतं! त्यासाठीच तर शास्त्रज्ञांनी यंत्रं केली. मग आपण का करू नये?

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, यंदा रिझल्ट लावायचाय की भूकंप?" मी म्हटलं, दोन्ही. माझ्या तोंडाला ते घाबरून होते, त्यामुळे प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली मिळाली. ती खोली मला हवीच होती. शाळा बांधताना तिथला एक काळा खडक काही केल्या फुटला नाही म्हणून तो तसाच ठेवून भोवती भिंती उभारल्या होत्या. वर नुसते पत्रे. जमिनीतून वर आलेला तो खडक म्हणजे थेट डोंगराचंच टोक. त्यावर आम्ही लोखंडी खांब पक्का बसवला.

यंत्राची कल्पना अगदी साधी. जड वस्तू जागची लवकर हलत नाही. एसटी झटक्यात सुटली की आपण मागं राहतो, तसं. खांबाला फाटकासारखा आडवा दांडा लावला आणि त्याच्या टोकाला बाजारातल्या एका धान्यवाल्याने दिलेलं तराजूचं जुनं जड लोखंडी माप टांगलं. जमीन हलली की खांब हलणार, पण ते माप आळशासारखं मागं राहणार. त्याला एक बारीक सुई. सुईसमोर दुधाच्या पावडरीचा डबा, तो फिरवायला गजराच्या घड्याळाचं यंत्र. डबा आटे असलेल्या सळईवर बसवला, म्हणजे फिरता फिरता तो हळूहळू बाजूला सरके आणि रेघेवर रेघ येत नसे. डब्याला गुळगुळीत कागद गुंडाळून तो रॉकेलच्या चिमणीवर फिरवून काळा करायचा. सुई त्या काजळीवर पांढरी रेघ ओढत जाते. जुनी यंत्रं अशीच असत, हे मी वाचलं होतं. काजळी धरण्याच्या कामावर नववीतल्या पोरांची मारामारी व्हायची. घरी जाताना सगळी कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसायची.

कितीतरी दिवस सुई अडकायची, घड्याळ थांबायचं, दांडा एकदा हलला की हलतच राहायचा. मग दांड्याला पत्रा लावून तो एरंडेलाच्या वाटीत बुडवला, तेव्हा तो शहाण्यासारखा थांबायला शिकला. आणि एका दुपारी, भोंगा वाजल्यानंतर, आम्ही सगळे श्वास रोखून उभे असताना ती सरळ पांढरी रेघ एकाएकी थडथडली आणि पुन्हा सरळ झाली.

"भूकंप!" पोरं ओरडली.

"भूकंप नाय, आमचा सुरुंग हाय तो," गव्हाणची एक मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली. तिचे काका खाणीवर होते. "तुमी ऐकला नाय काय भोंगा?"

सगळे हसले. मी मात्र त्या रेघेकडे बघत राहिले होते. कित्येक मैलांवर दगड फुटला आणि डोंगराने तो निरोप आतल्या आत या खोलीतल्या खडकापर्यंत आणून दिला. हवेतून नाही, रस्त्याने नाही, दगडामधून. आणि धान्याच्या मापाने, दुधाच्या डब्याने तो लिहून घेतला. मला रडू येईल की काय असं वाटलं. मी पोरांवर ओरडले, गर्दी करू नका म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्या लातूरच्या मुलीने विचारलं, "बाई, आईला दाखवायला आणू?"

"शाळा आहे, जत्रा नाही," असं माझ्या तोंडून गेलंच. मग म्हटलं, "आण. दुपारी. भोंग्याच्या आधी."

तिची आई आली. दारातच थबकली. आधी वर बघितलं. नुसते पत्रे आहेत असं दिसल्यावर आत आली. भोंगा झाला तसा तिने लेकीचा हात घट्ट पकडला. सुरुंग उडाला, रेघ थडथडली, सरळ झाली. ती कितीतरी वेळ तिथंच वाकून बघत होती. "माझ्या भावाकडं हललं तर ही हलंल का?" तिने विचारलं.

"मोठा धक्का असेल तर हलेल."

"इतक्या लांबनं?"

"इतक्या लांबून."

तिने पदराने तोंड पुसलं आणि निघून गेली. त्या दिवशी ती बूथवर गेली नाही. पण दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा माझ्याकडे आली. तिला नुसतं यंत्र पुरणार नव्हतं, कारण यंत्र शाळेत आणि भीती तिच्याजवळ. रात्री-बेरात्री ताडपत्रीखाली काही जाणवलं तर तिने काय करायचं?

तेव्हा मी तो धडा काढला जो मला सगळ्यात आवडतो आणि ज्यावर परीक्षेत कधी प्रश्न येत नाही. मैदानात वर्ग नेला. मुलांची एक लांबच लांब रांग केली, प्रत्येकाने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवलेले. सगळ्यात मागच्याला म्हटलं, पुढं ढकल. धक्का सरसर रांगेतून पुढं गेला. मग म्हटलं, आता डावी-उजवीकडे डोल. ते डोलणं सापासारखं वळवळत सावकाश पुढं गेलं. भूकंपातून या दोन लहरी एकाच वेळी निघतात. ढकलणारी पुढं पळते, डोलवणारी मागून येते. पनवेलच्या स्टँडवरून पुण्याला एकदम सुटलेल्या दोन गाड्या, एक जलद आणि एक थांबत जाणारी. खोपोलीपर्यंत दोघींत थोडंच अंतर पडतं, पुण्याला पोचेपर्यंत खूप. तसंच हेही. पहिली लहर जाणवली की मोजायला लागायचं आणि दुसरी आली की थांबायचं. जितके सेकंद झाले त्याला आठने गुणलं की भूकंप साधारण किती किलोमीटरवर झाला ते येतं. सुरुंग जवळचा, त्याच्या दोन्ही लहरी जवळजवळ एकदमच येतात. तिथं मोजायला जागाच नाही.

तिची आई मैदानाच्या कडेला झाडाखाली उभी राहून ऐकत होती. मी तिकडे न बघता जरा मोठ्याने शिकवलं.

त्या दिवशीचा घरचा अभ्यास असा दिला की प्रत्येकाने आपलं आजोळ किती सेकंदांवर आहे ते काढून आणायचं. नकाशावर पनवेलपासून आजोळापर्यंत दोरा ताणायचा, किलोमीटर काढायचे, आठने भागायचं. नवीन पनवेलच्या निम्म्या पोरांचं आजोळ कुठं ना कुठं लांब होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता कल्ला. माझं पुणं बारावर आलं. नाशिकवाला सोळा म्हणाला. कोयनेकडे, पाटणच्या खालच्या खेड्यात जिचं आजोळ होतं ती पंचवीस म्हणाली. गव्हाणची मुलगी रुसून बसली होती. "माझा आजोळ जासईला. माझा आकडाच येत नाय, बाई!"

"तुझं भाग्य," मी म्हटलं. "धक्का आला की हाक मारून विचार."

ती लातूरची मुलगी शेवटी उठली. "सेहेचाळीस, बाई. दोरा आईने धरला होता."

पृथ्वीबद्दल मला तेव्हा जे वाटलं ते नीट सांगता येत नाही. इतकी वर्षं अंतर म्हणजे मला एसटीचं तिकीट आणि मळमळ. आता चाळीस पोरं बसली होती आणि प्रत्येकाच्या आजीचं घर जमिनीतून किती श्वासांवर आहे, हे त्यांना कळलं होतं. आपण सगळे एकाच दगडावर राहतो, हे मी फळ्यावर लिहिलं असतं तर कुणी वाचलंही नसतं.

त्यानंतर तिची आई बदलायला लागली, पण अगदी सावकाश. दुपारचा सुरुंग होऊन गेला की ती वर जायची. दार सताड उघडं ठेवून स्वयंपाक करायची आणि उन्हं कलायच्या आत खाली यायची. मुलगी मला रोज सांगायची. कालपेक्षा जास्त वेळ बसली, आज गाणं म्हणत होती. झोपणं मात्र खालीच. सोसायटीने संक्रांतीनंतर ताडपत्री काढा असं सांगितलं होतं. संक्रांत होऊन गेली, तिळगूळ देऊन झाले, ताडपत्री तशीच. शेवटी वडिलांनी सोलापूरला पत्र टाकलं. शाळा सोडल्याचा दाखला कधी मिळेल, असं ते ऑफिसात विचारून गेले तेव्हा मी वर्गात कुणाशीच धड बोलले नाही.

आणि मग थंडी सरतासरता एका दुपारी, शेवटच्या तासांच्या आधी, मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते. कपाटावरची ग्लासं किणकिणली. थोडा वेळ काहीच नाही. मग खुर्ची माझ्याखालून हळूच बाजूला सरकल्यासारखी झाली आणि वरचा बंद पंखा झुलायला लागला.

"आज दोनदा उडवला वाटतं," गणिताचे सर चहा पिता पिता म्हणाले.

मी चप्पल न घालताच अडगळीच्या खोलीकडे धावले. माझ्या आधी अर्धा वर्ग तिथं पोचला होता. काळ्या कागदावर पांढरी रेघ आधी बारीक शहारली होती, आणि मग तिने डाव्या-उजव्या बाजूला अशा लांबच लांब उड्या घेतल्या होत्या की सुई कागदाच्या कडेला जाऊन आली होती. आम्ही बघत असताना अजून ती डोलत होती. खडक शांत दिसत होता. मी त्यावर हात ठेवला. मला काही जाणवलं नाही, पण रेघ सांगत होती की तो अजून हलतोय.

आमचा डबा फारच हळू फिरायचा. त्यामुळे पहिली आणि दुसरी लहर यांच्यातलं अंतर कागदावर मुंगीएवढं. भिंगाखाली पट्टी धरून मी सांगितलं, वीस ते तीस सेकंदांच्या मधलं काहीतरी. म्हणजे लातूर नाही. मला हायसं वाटलं आणि मग आनंदाने वेडच लागायचं बाकी राहिलं. मुख्याध्यापक आले, गणिताचे सर आले. मी ज्याला-त्याला तो कागद दाखवत सुटले.

शाळा सुटायच्या वेळेला लातूरच्या मुलीची आई फाटकातून आत आली. पायात घरातल्या सपाता. मला वाटलं, ही बूथवरून येतेय, आता सगळं पहिल्यासारखं होणार.

"बाई, चोवीस," ती म्हणाली.

"काय?"

"चोवीस झाले. मी मोजले."

तिची लेक धावत येऊन तिला बिलगली. मी विचारलं, "कुठं होतात तुम्ही?"

"वर. घरात. भांडी वाजली मांडणीत. सुरुंग तर कवाच झाला होता. पळायला म्हणून उठले, तर तोंडातनं एक निघालं, मग दोन. एकदा मोजायला लागल्यावर मधीच सोडता येईना. टेबलाखाली बसले आन् मोजत राहिले. चोवीसला पंखा हलला, घर डोललं." लेकीकडे वळून म्हणाली, "सेहेचाळीस होऊच दिले नाहीत त्यानं. आमचं नव्हतं ते."

आमच्या डब्याला जमलं नव्हतं ते तिने तोंडाने मोजलं होतं, आणि तेही तिसऱ्या मजल्यावर, टेबलाखाली. मी तिचे दोन्ही हात धरले. मग मी तिला तो कागद दाखवायला खोलीकडे नेऊ लागले.

ती जागची हलली नाही. "चोवीसवर कुणाचं आजोळ आहे, बाई?"

एवढ्या सगळ्या गडबडीत हा प्रश्न आम्हा कुणालाच सुचला नव्हता. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पाटणवाली. तिचे पंचवीस आहेत."

पाटणवाली पोर दप्तर छातीशी धरून उभी होती. तिलाही आत्ताच लक्षात आलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. लातूरच्या बाईने पुढं होऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नको. फोन आहे का गं आजीच्या गावात?"

ग्रामपंचायतीत होता. नंबर मुलीच्या वडिलांकडे, त्यांचं दुकान बाजारात. आम्ही सगळेच तिकडे गेलो. दोन बायका, दोन मुली, आणि मागून काजळीने माखलेला निम्मा वर्ग. वडिलांनी नंबर दिला आणि गल्ला तसाच टाकून तेही निघाले. बूथवर बरीच माणसं जमली होती. कुणी म्हणत होतं कोयनेला झाला, कुणी म्हणत होतं मुंबईत. बूथवाल्याने गर्दीतून तिला बघितलं आणि सवयीने लातूरकडचा नंबर फिरवायला बोट घातलं.

"तिकडचा नको आज," ती म्हणाली. "हिच्या आजीला लावा."

बराच वेळ लागेना. पुन्हा, पुन्हा. ती त्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती, आणि आपली लेक दुसऱ्या बाजूला. शेवटी लागला. ग्रामपंचायतीतला माणूस कुणाला तरी हाका मारत होता, ते बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. मग वडिलांचा आवाज चढला, मग एकदम उतरला. त्यांनी रिसीव्हर मुलीच्या कानाला लावला. आजी बोलत होती. कौलं घसरली होती, म्हैस दावं तोडून पळाली होती, आणि म्हातारी त्या म्हशीला शिव्या घालत होती.

मुलगी हसायला लागली. आम्ही सगळेच हसलो. बाहेर दिवे लागले होते. वडील चहा सांगायला निघाले, तर ती लातूरची बाई नको म्हणाली.

"नको, भाऊ. निघते मी," ती पदर खोचत म्हणाली. "अंधार पडला. आज अंथरुणं वर घालायचीत."